मेखेला गुंडाळलेली तार

“सकाळी माझ्या हाताला धार देती अन् सांजला हिच्या हाताला लाथ मारती. म्हशीला कळतंय, मान्साला कळंना.”

हे माझ्यासाठी बोललेलं नव्हतं. विंझरमधल्या एका घराच्या ओसरीवर मी मीटरच्या फळीसमोर उभी होते आणि भिंतीपलीकडे त्या घरच्या गंगूबाई शेजारणीशी बोलत होत्या. शेजारणीने विचारलं, मग सुनेला माहेरी धाडताय का? गंगूबाई म्हणाल्या, भावाला सांगावा गेलाय, आज न्यायला येईल. मग बराच वेळ नुसता सुपाचा आवाज येत राहिला. पाखडणं तालात चाललं होतं, त्यात राग नव्हता. मला त्या आवाजाचीच जास्त भीती वाटली.

माझ्यासमोर लोक मोकळेपणी बोलतात. मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून आपलं बोलणं हिला कळत नसावं असं काहींना वाटतं. उरलेल्यांना वाटतं, ही बोलतच नाही, तर सांगणार कुणाला? दोन्ही समजुती मी कधी मोडल्या नाहीत. त्यांच्या आड बरं असतं.

विनूमामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ. भोरमध्ये वीजजोडणीच्या कामाचं लायसन त्यांच्याकडे आहे. पदविका घेऊन मी त्यांच्या हाताखाली आले, तेव्हा भोर-वेल्ह्याकडच्या गावांत वीज एकेक करून पोचत होती. खांबापर्यंत तार आणणारे वेगळे. मीटरच्या पुढे घरात, विहिरीवर, गिरणीत, गोठ्यात जे काही असतं ते आमचं. नव्या गावात गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असे: बाई खांबावर चढत्यात का? मामा म्हणत, चढत नाहीत, पण खाली उभ्या राहून तुमचं चुकलेलं सगळं बघतात. लोक हसत. मी पेटी उघडून बसे.

आमची एक पद्धत पडून गेली होती. मी मोजायचं, मामांच्या कानाशी इंग्रजीत दोन शब्द सांगायचे आणि मामांनी चारचौघांत मराठीत बोलायचं. शाळेत मी शिकले ते सगळे शब्द इंग्रजी होते. त्यांच्या जागी इथले शब्द मी मनातल्या मनात शोधत असे, एसटीच्या खिडकीशी बसून, राजगडाकडे बघत. सापडले तरी ते तोंडापर्यंत येत नसत.

घरात दिवा लागला की लोकांना गोठा आठवतो. पहिला दिवा देवापाशी, दुसरा ओसरीवर, तिसरा गुरांकडे. हा तिसरा दिवा, किंवा घराबाहेरची अशी कुठलीही खोपी, हीच आमची खरी काळजी. घरातली सारवलेली जमीन कोरडी असते. बाहेरच्या खोपीत ओल असते, लोखंड असतं, पत्रा असतो आणि वावरणारं माणूस बहुतेक अनवाणी असतं. जनावर तर असतंच असतं.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोटरीतली किंवा वायरीतली वीज कधीकधी आपली वाट सोडून बाहेरच्या लोखंडावर झिरपते. त्या लोखंडाला कुणी हात लावला तर ती त्या माणसातून जमिनीत जाईल. म्हणून आपण आधीच तिला एक सोपी वाट करून ठेवतो. खड्डा खणायचा, त्यात पाइप किंवा पत्रा उभा करायचा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे आणि तिथून जाड तार मोटरीच्या अंगाला जोडायची. हेच अर्थिंग. कोळसा ओल धरून ठेवतो आणि मिठाने ती ओल विजेला मानवते. खड्डा वाळला की वाट बंद. म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं लागतं.

दुसरी गोष्ट बाँडिंग. खोपीतलं सगळं लोखंड, म्हणजे पाण्याचा पाइप, पत्र्याचे खांब, गव्हाणीची सळई, एकमेकांना तारेने जोडून टाकायचं. लोकांना हे पटत नसे. ज्याला वीजच दिलेली नाही त्याला तार कशाला? मामा त्यांना पंगतीचा दाखला देत. पंगतीत एकाला पाट आणि दुसऱ्याला जमीन दिली की कुरबूर होणार. सगळे एका पातळीवर बसले की कुणाची तक्रार नाही. विजेला फरक दिसला की ती धावते. तुम्ही फरक ठेवू नका.

खड्ड्यात पाणी ओतायला लोक विसरतात. एक अपवाद मी पाहिला, वरवे बुद्रुकला. तिथे शेळ्यांच्या खोपीमागे आम्ही अर्थिंग केलं आणि घरच्या बाईंना सांगितलं, रोज तांब्याभर पाणी घाला, कधी चुकवू नका. पुढच्या वेळी गेलो तर पाइपच्या तोंडावर एक गोटा ठेवलेला, त्याला शेंदूर आणि पुढे झेंडूची दोन फुलं. मीठ घातलं, पाणी घालायचं, चुकवायचं नाही, एवढं ऐकल्यावर बाईंनी काय समजायचं ते समजून घेतलं होतं. मामांनी वाकून तो गोटा पाहिला. म्हणाले, “राहू दे. आता या खड्ड्याचं पाणी जन्मात चुकणार नाही.” मी मोजलं. आमच्या सगळ्या कामांत तेवढं चांगलं अर्थिंग दुसरं नव्हतं.

विंझरलाही कुणी पाणी विसरलं नव्हतं. तिथे निराळंच झालं होतं.

गंगूबाईंचे यजमान म्हणजे तात्या. घराला लागून त्यांची भाताची गिरणी. मुलगा पुण्याला कारखान्यात, सणाला घरी येणारा. सून मंजुळा सासू-सासऱ्यांपाशी. गिरणीची मोटर वाजते म्हणून त्यांनी आम्हाला बोलावलं होतं. दिवाळी होऊन गेलेली, भात झोडपून झालेलं, गिरणीचा हंगाम. दारातून येणाऱ्या उन्हात कोंड्याची धूळ तरंगत होती आणि ती खाली बसायलाच तयार नव्हती. बंद मोटरीभोवतीही कालच्या भरडण्याचा ऊबदार वास होता. त्या धुळीत मामा मोटर उघडून बसले. खराब झालेलं बेअरिंग त्यांनी बदललं. आतल्या तारांवरचं वेष्टणही उतरत चाललं होतं आणि थोडी वीज मोटरीच्या अंगावर झिरपत होती. मामा तात्यांना म्हणाले, हंगाम संपला की मोटर भोरला आणा, नवी तार गुंडाळून देतो. तोवर अर्थिंग सांभाळेल. तात्यांनी मान डोलावली. दारात भाताच्या पोत्यांची रांग लागली होती. तेव्हा मोटर आत्ताच काढून भोरला आणा, असं मामांनी ठामपणे म्हणायला हवं होतं, असं मला आज वाटतं.

मग त्यांनी हात पुसले आणि मला म्हणाले, “अर्थिंग एकदा तपास. मी वेल्ह्याचं काम बघून येतो. काही निघालं तर तूच सांग त्यांना.”

शेवटचं वाक्य ते अगदी सहज बोलून गेले. मी पेटी उचलून निघाले.

गिरणीमागे अर्थिंगचा खड्डा होता, पण कोरडा ठणठणीत. पाइपला तार नव्हती. ती कुणीतरी सोडवून, वाढवून भिंतीच्या कडेने पुढे नेली होती, मधूनमधून खिळे मारून, नीट ताणून. मी तारेवर बोट ठेवून तिच्यामागे चालू लागले. तार गिरणीची भिंत संपवून न्हाणीमागून गेली, पेंढ्याच्या गंजीखालून गेली. दुपार कलली होती आणि ऊन इतकं मऊ झालं होतं की आपण कुणाचा तरी माग काढतो आहोत हेही मी विसरले. तार मला गोठ्यात घेऊन गेली.

आत एकच म्हैस होती, काळीभोर, शांत. ती लोखंडी साखळीने एका लोखंडी मेखेला बांधलेली. मेख जमिनीत खोल ठोकलेली, भोवती मुताची आणि पाण्याची कायमची ओल. आणि मेखेच्या गळ्याशी, राखी बांधावी तशी, आमची तार गुंडाळलेली होती.

मंजुळा शेण भरत होती. माझ्याच वयाची असेल. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, “ताई, तुमी त्या दिव्याच्या कामातल्या ना?” मी मान हलवली. ती पाटीकडेच बघत म्हणाली, “हितं मुंग्या येत्यात. पायाला अन् हाताला. सांजचं. सकाळचं न्हाई.” तिने सासूला हे एकदा सांगितलं होतं. कामाचा आळस आहे, असं उत्तर मिळालं. मग तिने सांगणं सोडून दिलं. “म्हशीनं सांगितलं आसतं तर तिलाबी आळशी म्हनल्या आसत्या,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

बोलता बोलता तिच्याकडून कळलं, सकाळची धार गंगूबाई काढत, संध्याकाळची ती. संध्याकाळी लोक शेतावरून परतताना भात घेऊन येत. गिरणी तेव्हाच चाले आणि गंगूबाई तिथे मापाला बसत. अमावास्येला गिरणी बंद असे. मागच्या अमावास्येला, खात्री करावी म्हणून, संध्याकाळची धार गंगूबाईंनी स्वतः काढून पाहिली. म्हशीने कान हलवला नाही. गावात बोलणं झालं, की सासूच्या हाताखाली म्हैस गाय होते आणि सुनेच्या हाताला पान्हा चोरते. सुनेचा हातच वाईट, यावर शिक्कामोर्तब झालं ते त्या दिवशी.

माझ्या डोक्यात सगळं जुळत गेलं. मोटर चालू झाली की झिरपणारी वीज तारेतून मेखेला येणार, मेखेतून साखळीला, साखळीतून म्हशीला. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर असतं, चारही पाय ओल्यात. माणसाला जिथे मुंगी वाटते तिथे त्याला डंख बसतो. आणि धार काढणारी बाई ओल्या हातांनी, उघड्या पायांनी त्याच ओलीत बसलेली. फ्यूज उडावा एवढी वीज नव्हती. एका बाईचं घर सुटावं एवढी होती.

एवढ्यात तात्या मागून आले. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. मी काय बघते आहे ते त्यांना कळलं होतं.

“म्याच आनली ती तार,” ते म्हणाले. “तुमच्या मामांनी सांगितलं, ओल पायजे. ही पोर उन्हाळाभर आडावरनं पानी आनून त्या खड्ड्यात वतायची. डोईवर हंडा, पायात फोड. म्हनलं, गोठ्यात बारमास ओल हाय, मग तिला हेलपाटा कशाला?”

मंजुळा पाटी घेऊन बाहेर गेली. तार सुनेच्या कळवळ्याने आली होती. त्याच तारेने काय केलं हे त्यांना सांगायचे शब्द मला इंग्रजीतसुद्धा सापडले नसते.

ऊन उतरलं तेव्हा तात्यांनी मोटर चालू केली. जमीन बारीक थरथरू लागली, जशी गिरणीजवळ नेहमी थरथरते, आणि त्या घुमण्यात अख्खं घर पेंगुळल्यासारखं झालं. ओट्यावर मंजुळाचा भाऊ येऊन बसला होता, गुंजवण्याहून चालत. टोपी गुडघ्यावर ठेवून तो चहा पीत होता आणि कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हता. अंधाराच्या आत निघू, असं तो दोनदा म्हणाला. मंजुळाचं गाठोडं दाराशी तयार होतं. जायच्या आधी धार काढून जा, असं गंगूबाईंनी तिला मापावरून ओरडून सांगितलं होतं, म्हणून ती चरवी घेऊन गोठ्याच्या दाराशी उभी होती.

मी पेटीतल्या मोजायच्या मीटरची एक तार साखळीला लावली, दुसरी ओल्या जमिनीत खोचलेल्या सळईला. काटा उठला. फार नाही, पण उठला. मी तात्यांना हाताने खुणावून बोलावलं. गिरणी गंगूबाईंवर सोपवून ते आले. त्यांनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“काटा तुमचा, बाईसायब,” ते म्हणाले. “तुमी म्हनाल तसा हालंल.” मग पुढे होऊन त्यांनी साखळी मुठीत धरली. “मला तर काय लागंना.”

आता पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर राहायला नको. त्याच आठवड्यात मामा आणि मी परत विंझरला गेलो. न्हाणीचं पाणी जिथे मुरतं तिथे, गोठ्यापासून चांगलं लांब, नवा खड्डा घेतला. तिथे पाणी घालायला कुणी जायला नको, घरातले सगळे अंघोळ करतात तेवढं पुरे. गोठ्यातली मेख उपटली आणि लाकडी खुंटा ठोकला, साखळीच्या जागी दावं आलं. पत्रा, खांब, गव्हाणीची सळई सगळं एका पंगतीत बसवलं. मोटर मामांनी त्याच दिवशी, हंगाम असूनही, टेम्पोत घालून भोरला नेली. म्हशीचा मात्र त्या जागेवर विश्वास बसायला बरेच दिवस लागले. उंबऱ्याशी ती पाय उचलून थबके आणि मंजुळा तिच्याआधी आत जाऊन उभी राहायची. गंगूबाई कधी काही म्हणाल्या नाहीत. पण पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळच्या मापाला मंजुळा बसलेली होती आणि सासूबाई गोठ्यात होत्या.

हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मामा नव्हते. तात्यांची मूठ साखळीवर होती आणि चेहरा अगदी निवांत. म्हैस अंग चोरून एकदा या पायावर, एकदा त्या पायावर होत होती. भाऊ ओट्यावरून उठून अंगणात आला होता आणि आकाशाचा अंदाज घेत होता. मंजुळाने चरवी खाली ठेवली. आता काही व्हायचं नाही, हे ठरून गेल्यासारखी ठेवली.

तेव्हा मी तात्यांच्या पायांकडे पाहिलं. टायरच्या वहाणा, जाड, बोटभर उंच. शेणात पाय नको म्हणून पुरुषमाणूस गोठ्यात वहाणा घालूनच येतो. धार काढायला बसणारी बाई अनवाणी बसते. मग मी माझ्या पायांकडे पाहिलं. मामांनी घेऊन दिलेले रबरी तळाचे बूट. मीही दुपारभर त्या साखळीपाशी वावरले होते आणि मलाही काही लागलं नव्हतं. या घरात लागत होतं ते फक्त दोघींना, आणि त्यांतली एक बोलू शकत नव्हती.

मी खाली बसले आणि बुटांचे बंद सोडले. हे कुणी करून पाहू नये. मी आधी मोजलं होतं आणि काट्याने दाखवलं ते जिवावर बेतणारं नव्हतं, एवढ्याच भरवशावर मी ते केलं. ओली जमीन पायांना गार लागली आणि क्षणभर बरंही वाटलं, नदीत उतरल्यासारखं. मामांनी शिकवलं होतं की शंका असलेल्या लोखंडाला तळवा लावायचा नाही, उलटा हात लावायचा, म्हणजे बोटं आखडली तरी ती लोखंडावर मिटत नाहीत. मी उलटा हात साखळीला लावला.

मुंग्या. मंजुळा म्हणाली होती तशाच. मनगटातून वर आणि पायांतून खाली. मी हात झटकन मागे घेतला. तात्या माझ्याकडे बघत होते. मंजुळाही. ती माझ्या पायांकडे बघत होती.

मामा असते तर मी त्यांच्या कानाशी गेले असते. कान नव्हता. गिरणी घुमत होती, म्हणून हळू बोलून चालणार नव्हतं. आयुष्यात वडीलधाऱ्या माणसाला मी कधी काही करा असं सांगितलेलं नव्हतं, आणि मला जे सांगायचं होतं ते तर आपण देवळाच्या दाराशीच ऐकतो. माझा आवाज मला अनोळखी वाटला, पण तो अंगणातल्या भावापर्यंत पोचला.

“तात्या, वहाणा काढा. आणि उलटा हात लावा.”